तेलाची पट्टी

दोरीवर बाळाचे लंगोट होते, आणि त्यांच्या मधोमध, दोन चिमट्यांत, माझ्या भावाची, इनासची पट्टी वाळत होती.

मी बाळाला खांद्यावर घेऊन परसदारी उभी होते. आधी वाटलं, झोप अपुरी म्हणून भलतंच दिसतंय. बाळंतिणीला दिवसाउजेडी स्वप्नं पडतात, तसलं काहीतरी. जवळ गेले, कोपरा उलटून पाहिला. लाल धाग्याचा इवलासा क्रूस. तो मीच भरला होता. पोट एवढं पुढे आलेलं की कापड मांडीवर दिसायचं नाही, म्हणून पोटावरच ठेवून टाके घातले होते. एक टाका तिरका गेला होता. तोही तिथेच होता.

म्हणजे पट्टी तीच. आणि तिच्यावर बशीएवढा पिवळट डाग, साबणाने फिका झालेला. तो कशाचा, हे लेकुरवाळीला कोणी सांगावं लागत नाही.

ही पट्टी म्हणजे आमच्याकडे काय असते, ते आधी सांगते. मुलगा फादर होतो त्या दिवशी बिशप त्याच्या तळहातांना पवित्र तेल लावतात आणि दोन्ही हात पांढऱ्या सुती पट्टीने बांधतात. तेल प्यायलेली ती पट्टी नंतर त्याच्या आईला मिळते. ती धुवायची नाही, कोणी हाताळायची नाही. आईने जपून ठेवायची आणि ती जाईल तेव्हा तिचे हात त्याच पट्टीने बांधून तिला शवपेटीत ठेवायचं. वर गेल्यावर देव विचारणार, मी तुला जन्म दिला, तू मला काय दिलंस? तेव्हा तिने काही बोलायचं नाही, नुसते हात पुढे करायचे. वास येतोच.

आमच्या आयला हा प्रश्न लवकर विचारला जाणार होता. ईस्टर नुकताच झाला होता आणि डॉक्टर नाताळाचं नावही घेत नव्हते. आतल्या खोलीतल्या पत्र्याच्या पेटीत तिने स्वतःचं मरणाचं सामान लावून ठेवलं होतं. कोरं लाल लुगडं, जपमाळ, आणि सगळ्यांत वर ही पट्टी. भिंतीला धरून न्हाणीपर्यंत जातानाही ती वाटेत दोनदा बसायची. पण पट्टी पेटीत गेली त्या दिवशी मला म्हणाली, “आता केव्हाही चालेल.”

आणि आता ती पट्टी लंगोटांच्या रांगेत.

मी केलं का हे? सकाळचं आठवून पाहिलं. मी न्हायला गेले होते. बाळाला आयच्या कुशीत निजवून, बाळाचं सगळं सामान उशाशी मांडून मग न्हाणीत गेले. न्हाऊन, शेक घेऊन आले, बाळाला घेतलं, पाजता पाजता माझाच डोळा लागला. पेटीजवळ मी गेले नव्हते. की गेले होते? त्या दिवसांत मी साखरेच्या डब्यात मीठ भरलं होतं आणि दुधाचं पातेलं कपाटात ठेवलं होतं. माझं मलाच खरं वाटेना.

“उन्हात कशाला आणलंस पोरीला? टाळू भरली नाही अजून.” नातालीनमावशी बादली घेऊन मागे उभी. ही आयची मोठी बहीण. माझं बाळंतपण आणि आयचं आजारपण, दोन्ही तिने कमरेला पदर खोचून अंगावर घेतलं होतं.

“मावशी, हे सगळं कोणी धुतलं?”

“मी नाही तर काय तुझ्या सासूने? सकाळी बादलीत जे होतं ते...” मावशी थांबली. कमरेला खोचलेला चष्मा काढून तिने डोळ्यांवर चढवला. “जेजू, मारी, जुझे!”

बादली खाली आदळली.

“माझ्या हातांनी! अगं रेजू, बिशपचं तेल, माझ्या या हातांनी! साबण लावून! धोंड्यावर आपटून!”

“हळू बोल, आय ऐकेल.”

“बघितलंच नाही गं मी. शीचं कापड कोण न्याहाळून बघतं?” मग तिची नजर बदलली. “पण पेटीतनं बाहेर काढली कोणी? म्हणूनच सांगत होते. चाळिसावा झाल्याशिवाय बाळंतिणीने घरभर फिरू नये, पवित्र वस्तूला शिवू नये. मारियामातेने पाळलं ते तुम्हाला जड जातं.”

“मी पेटीला हात नाही लावला.”

“मग पट्टी काय चालत आली?”

मी बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

चाळिसाव्यापायी मावशीने मला इनासच्या गुरुदीक्षेलाही जाऊ दिलं नव्हतं. चर्चने हे केव्हाच सोडलंय म्हणून इनासने सांगून पाहिलं. मावशी म्हणाली, चर्चने सोडलं असेल, मी नाही. माझा नवरा बोटीवर, आय आजारी, मी तरी कुणाच्या जिवावर भांडणार? फोन पाळण्याला टेकवून मी सगळं घरात बसून पाहिलं. इनास वेदीपुढे दंडवतासारखा जमिनीवर पालथा पडला तेव्हा बाळाने दूध ओकलं. तेल लागताना नेमका फोन बंद पडला.

ते मी मनावर घेतलं नाही. मनाला लागलं ते नंतरचं.

फादर झाल्यावर इनास दोनदा घरी येऊन गेला होता. त्याला समुद्राकाठच्या एका धर्मग्रामात, तिथल्या चर्चमध्ये मदतनीस म्हणून धाडलं होतं. दोन्ही वेळा स्कूटर लावून तो तडक मागच्या विहिरीवर गेला. कोपरापर्यंत हात धुतले. पुसले, पुन्हा धुतले. मग आयच्या पायाशी बसला, हसला, बोलला. बाळाला पाहून “काय गं भवाने” म्हणाला. पण हात लावला नाही. “घे की,” मी म्हटलं. “नको, आत्ता नको,” म्हणून तो सरकून बसला. बाळाचा बाप्तिस्मा त्याच्याच हातून करायचा, हे मला दिवस राहिल्यापासून ठरलेलं. त्याची तारीख विचारली तर म्हणाला, “बघू.”

हा तोच इनास, जो लहानपणी गोठ्यातल्या वासरांना कुशीत घेऊन झोपायचा आणि आयचा मार खायचा.

मावशीला मात्र त्याचं वागणं फार पटलं. “बरोबर आहे. फादरच्या हातावर तेल आहे. त्याने सोवळं पाळायला नको?”

आणि मला माझ्या लग्नातली त्याची थट्टा आठवायची. तेव्हा तो सेमिनरीत जुन्या करारातल्या याजकांचे नियम अभ्यासत होता. त्या याजकांनी मयताला शिवायचं नसे. शिवलं तर विटाळ, मग वेदीजवळ जायची बंदी. सूट फक्त जवळच्या नात्यांना. आई, बाप, मुलगा, मुलगी, भाऊ. आणि बहीण, पण लग्न न झालेली. मांडवात मला मिठी मारून हा शहाणा म्हणाला होता, “आज तुझं नाव यादीतनं कटलं गं. उद्यापासून मला तुझ्या मयतालासुद्धा हात लावता येणार नाही.” तेव्हा मी त्याच्या पाठीत गुद्दा घातला होता.

आता त्याचं हसू येईना. वाटायचं, मी यादीतली नाही, म्हणून माझं लेकरूही नाही का?

फाटक वाजलं. स्कूटरचा आवाज.

“फादर आले,” मावशी कुजबुजली. “पट्टी काढ. त्याला जेवून जाऊ दे, मग बघू.”

पण माझ्या खांद्यावर बाळ, मावशीला घाईत चिमटा निघेना. आणि इनास नेहमीसारखा घरात न शिरता घराला वळसा घालून थेट विहिरीवर आला.

त्याने आमच्याकडे पाहिलं. आम्ही दोघी दोरीपुढे अशा उभ्या, जशा काही चोर दडवतोय. मग त्याची नजर आमच्यामधून आरपार गेली.

“फादर,” मावशी म्हणाली, “मला कुमसार करायचाय, पाप कबूल करायचंय. आत्ता. इथंच.”

“थांब गं मावशी.” तो दोरीजवळ आला. पट्टीला त्याने हात लावला नाही, नुसती मान वाकडी करून डाग पाहिला. “हे बाळाचं?”

“आणि कोणाचं?”

“धुतलेलं पाणी कुठे गेलं?”

“कुठे जाणार? धोंड्यावरनं केळीत.”

“मग नियमाने झालं.” त्याच्या तोंडावर हसू येऊ पाहत होतं. “पवित्र तेलाचं कापड धुतलं तर पाणी गटारात जाऊ द्यायचं नाही, मातीत मुरवायचं. मुरलं. केळीला यंदा घड चांगला येईल.”

“थट्टा करतोस? आता तुझी आय वर काय दाखवणार?” मावशीने डोळ्यांना पदर लावला. आणि मग एकदम, काडीचा आधार मिळाल्यासारखं तिने विचारलं, “बरं, ते बाळ तरी तेलाने पवित्र झालं असेल ना? तेवढं तरी पदरात पडू दे.”

इनास विहिरीच्या कठड्याला टेकला.

“हाग्गय नावाच्या संदेष्ट्याने याजकांना हेच विचारलं होतं, मावशी. पवित्र मांस पदराला बांधलं आणि तो पदर भाकरीला लागला, तर भाकर पवित्र होते का? याजक म्हणाले, नाही. मग त्याने विचारलं, मयताला शिवून आलेल्या माणसाने भाकरीला हात लावला तर?” तो साबणाकडे वळला. “याजक म्हणाले, विटाळते. पवित्रपण लागत नाही. विटाळ लागतो.”

शेवटचं वाक्य तो आम्हाला सांगत नव्हता. साबण घेऊन तो हात चोळायला लागला होता.

आणि माझं डोकं फिरलं.

“एवढं काय लागलंय रे तुला आमचं? आल्या आल्या हात धुतोस, जाताना हात धुतोस! आमच्या घराचा विटाळ होतो का तुला? माझं लग्न झालं म्हणून? की चाळिसावा झाला नाही म्हणून? तूच म्हणाला होतास ना, माझं नाव यादीतनं कटलं!”

“कसली यादी?” तो खरंच गोंधळला. मग त्याच्या लक्षात आलं. “रेजू, ती थट्टा होती!”

“मग घे हिला.” मी बाळ त्याच्यापुढे धरलं.

तो मागे सरला. फेसाने भरलेले दोन्ही हात त्याने वर उचलून आमच्यापासून लांब नेले, जणू बाळ नाही, निखारा पुढे केलाय. “नको. रेजू, नको ना.”

बाळ माझ्या हातात अधांतरी. मला रडूही येईना. मी नुसती बघत राहिले, हा माझा भाऊ आहे का म्हणून.

“पट्टी मी काढली.”

दारात आय उभी होती. चौकटीला धरून, एकटी. तिच्या मागे कोणी नव्हतं, आधार द्यायला कोणी गेलंच नव्हतं.

“तू?” मावशी किंचाळली. “कशाला गं बाई?”

“पोरीने शी केली. हाताशी तेच होतं.”

“हाताशी! पेटीतलं!”

“नातालीन, आधी मला बसव, मग ओरड.”

इनास पुढे झाला, पण हातांना फेस, म्हणून थबकला. मावशीने आणि मी तिला धरून कपड्यांच्या धोंड्यावर बसवलं. तिचा श्वास जागेवर यायला वेळ लागला.

“हात दाखव,” ती म्हणाली. शाळेतून आल्यावर म्हणायची, तशी.

“आय...”

“दाखव म्हणते ना. तू माझ्या पायाशी बसतोस, पण पायाला हात लावत नाहीस. मी अंथरुणात आहे, आंधळी नाही.”

इनासने हात धुतले आणि तिच्यापुढे उताणे धरले. मी इतक्या जवळून ते तेव्हाच पाहिले. तळव्यांची कातडी सोलली होती. बोटांच्या बेचक्यांत लाल चिरा पडल्या होत्या.

“कोणाला शिवलास?”

तो धोंड्याशेजारी खालीच बसला. ज्या झग्यात त्याला पाहून सगळं गाव रडलं होतं, तो पांढरा झगा ओल्या मातीत.

“एक मयत लागलं किनाऱ्याला,” तो म्हणाला. “कुठल्या बोटीवरचा, कोण जाणे. पाण्यात बरेच दिवस असणार. पोलीस यायचे होते. माणसं लांब उभी. मला बोलावलं, म्हणाले, फादर, प्रार्थना म्हणा, इथूनच म्हणा. इथूनच म्हणता आली असती. पण मला वाटलं, एवढ्या लांबून कशी म्हणायची? मी जवळ गेलो. कपाळाला हात लावला.” त्याने तळवे झग्याला पुसले. “कातडी माझ्या हाताला आली, आय.”

मावशीने बाळाच्या कानावर हात ठेवला, जणू त्याला कळत होतं.

“मग मी ओकलो. त्याच्या शेजारीच, सगळ्यांपुढे. प्रार्थना अर्धीच राहिली.” तो माझ्याकडे वळला. “तुझ्या त्या यादीवर मी सेमिनरीत निबंध लिहिला होता, रेजू. की देव जिवंतपणाचा, म्हणून त्याच्या याजकाला मरणापासून लांब ठेवलेलं. आणि आपला याजक ख्रिस्त, त्याचं उलटं. नाईनच्या वेशीवर विधवेच्या मुलाच्या तिरडीला त्याने हात लावला. त्याला विटाळ लागला नाही, त्याचं जिवंतपण मुलाला लागलं. मुलगा उठून बसला. फार वाखाणला सरांनी.” तो हसला, पण ते हसू नव्हतं. “मीही हात लावला. माझा कोणी उठला नाही. उलट त्याचाच वास मला लागलाय. तेल लावलं होतं ना, बरोबर तिथेच. मिस्साला भाकर वर उचलतो तेव्हासुद्धा येतो. हे हात मी हिला लावू?”

मी काय समजत होते, आणि हा काय सांगत होता! मला वाटत होतं, तो स्वतःला आमच्यापासून राखतोय.

आयने त्याचे तळवे एकदा निरखले. मग म्हणाली, “नातालीन, ती पट्टी दे इकडे.”

मावशीने पट्टी काढून दिली. आयने ती इनासच्या नाकाशी धरली.

“कसला वास येतो?”

“साबणाचा.”

“नीट घे.”

“...बाळाच्या शीचा. थोडासा.”

“तेलाचा?”

“नाही.”

“नाही ना? बिशपने मंत्रलेलं तेल, या पोरीने एका सकाळीत घालवलं. आणि तुझ्या हाताला म्हणे वास राहिलाय.” तिने माझ्याकडे हात केला. “आण तिला.”

मी बाळ आयकडे दिलं. आयने ते सरळ इनासच्या मांडीवर ठेवलं.

“आय, हात...”

“धर. मान सांभाळ. हिनं तुझं तेल बाटवलं, तू हिला मयताचा हात लावलास. फिटंफाट झाली.”

त्याने धरलं. आधी मनगटांनीच, कसंतरी, जसं कोणी भरलेलं भांडं धरावं. बाळाने हातपाय झाडले तेव्हा मात्र तळवे लावावेच लागले. बाळाने एक शिंक दिली, त्याचं बोट मुठीत धरलं आणि तोंडाकडे नेलं. इनास “अगं अगं” म्हणाला आणि मग त्याला रडू फुटलं. मावशी रडायला बसलीच होती, तिला सोबत झाली.

“आणि वर काय दाखवणार गं तू?” मावशीने रडता रडता विचारलं.

“हेच,” आयने पट्टीची घडी घातली.

“डागासकट?”

“तुझ्याने निघाला नाही, मग मी काय करू?”

बाप्तिस्म्याला इनासच होता. चाळिसाव्यानंतर, मावशीच्या समाधानासाठी.

आय आगमनकाळात गेली, चर्चमध्ये नाताळाआधीची पहिली मेणबत्ती लागली त्या आठवड्यात. डॉक्टर ज्याचं नाव घेत नव्हते त्या नाताळाच्या ती अगदी उंबऱ्यापर्यंत गेली. माणसं जमायच्या आत मावशी आणि मी आतल्या खोलीत पेटी उघडायला गेलो. झाकण नेहमीसारखंच गंजून धरलेलं, मेलं हलेना. मावशीने उलथणं घातलं, मी गुडघा टेकवून जोर लावला, तेव्हा कुठे दोघींच्या ताकदीने ते करकरत वर आलं. कोरं लाल लुगडं, जपमाळ, वर पट्टी.

इनासने आयचे हात जुळवले आणि पट्टी बांधायला घेतली.

“डाग आत घे,” मावशी हळूच म्हणाली. “लोक बघतील.”

त्याने डाग बाहेर घेतला. बोटांच्या सांध्यांवर, अगदी वर, पहिल्यांदा दिसेल असा. मग तिच्या कपाळावर हात ठेवला आणि पूर्ण प्रार्थना म्हणाला, न थांबता.

मी पायाशी उभी होते. लेक माझ्या कडेवर, मेणबत्तीकडे झेपावत होती. माझे तळवे अजून झाकणाच्या कडेने दुखत होते, आणि मी विचार करत होते की हे झाकण आयने एकटीने कसं उघडलं असेल. खाट पुढच्या खोलीत, पेटी आतल्या. भिंतीला धरत, वाटेत दोनदा बसत. हाताशी तेच होतं, म्हणाली होती.

तेव्हा कुठे मला ती सकाळ लख्ख दिसली. न्हायला जाताना बाळाला तिच्या कुशीत ठेवलं, तेव्हा कोरड्या लंगोटांची आख्खी चळत मी तिच्या उशाशी ठेवली होती. कूस न बदलता हाताला लागेल अशी.